मनगटावरचे आठ तास

अत्तर किंवा परफ्यूम घ्यायला गेलेल्या माणसाच्या कानावर एक वाक्य हमखास पडते : ‘प्रत्येकाच्या अंगावर याचा वास वेगळा येतो.’ टेक्सासमधल्या अर्विंगच्या मॉलमध्ये काउंटरमागची विक्रेती ते इंग्रजीतून सांगते, पुण्याच्या पेठेतला अत्तरवाला मराठीतून. वाक्य खोटे नाही. मात्र त्याचा जो अर्थ बहुतेक जण घेतात तो तपासून पाहण्याजोगा आहे. आपल्या त्वचेत आपले स्वतःचे असे काही गूढ रसायन असते, ते सुगंधावर काम करते आणि गुलाबाचा केवडा करून टाकते, असा तो समज. उपलब्ध पुरावा पाहिला तर एकच सुगंध दोन माणसांवर वेगळा वाटण्याची मुख्य कारणे चार निघतात : त्वचेची ऊब, त्वचेवरचे तेल, लावल्यापासून गेलेला वेळ आणि वास घेणाऱ्याचे नाक. ‘माझे रसायन’ नावाची गोष्ट या चौघांच्या मागे, बऱ्याच अंतरावर उभी असते. हे म्हणणे मान्य केले तर सुगंध निवडायची आपली पद्धतच बदलावी लागते, म्हणून ते नीट मांडायला हवे.

त्यासाठी अर्विंग हे शहर फार सोयीचे आहे. डॅलस आणि फोर्टवर्थ यांच्या दरम्यान वसलेल्या या गावाची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत २,५६,६८४ भरली. आयटीच्या नोकऱ्यांमुळे इथे भारतीय वस्ती दाट आहे आणि तिच्यात मराठी घरे पुष्कळ. डॅलस-फोर्टवर्थ विमानतळाचा काही भाग अर्विंगच्या हद्दीत येतो. १९८० सालच्या २६ आणि २७ जूनला याच विमानतळावर ४५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. २०११ च्या उन्हाळ्यात पारा ३८ अंशांपर्यंत किंवा त्याच्या वर गेला असे तब्बल ७१ दिवस मोजले गेले. पण हे झाले बाहेरचे. घर, गाडी, ऑफिस, दुकान, देऊळ, सगळीकडे एसी चालू असतो आणि आतली हवा बावीस-तेवीस अंशांवर स्थिर असते. म्हणजे अर्विंगच्या माणसाचे मनगट ऑगस्टमधल्या एका दिवसात चार-पाच वेळा एका ऋतूतून दुसऱ्या ऋतूत जाऊन येते. सुगंधाचे शास्त्र समजून घ्यायला याहून चांगली प्रयोगशाळा मुद्दाम बांधूनही मिळायची नाही.

सुगंधी द्रव्य म्हणजे वेगवेगळ्या वेगाने उडून जाणाऱ्या रेणूंचे मिश्रण. लिंबू-संत्र्याच्या सालीतले लिमोनीन हलके असते. ते उडायला वेळ घेत नाही. गुलाबाचा, मोगऱ्याचा, लवेंडरचा भाग मध्यम चालीचा. चंदनातले सँटालोल, व्हॅनिलातले व्हॅनिलिन, पचौली, कस्तुरीसारखा वास देणारी कृत्रिम द्रव्ये ही जड आणि आळशी. म्हणून बाटलीतून फवारलेला परफ्यूम पहिल्या मिनिटाला जो असतो तो दहाव्या मिनिटाला नसतो आणि दहाव्या मिनिटाचा चौथ्या तासाला नसतो. दुकानदार ज्याला टॉप, मिडल आणि बेस नोट म्हणतात तो हाच क्रम. विल्यम पाउचर या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने १९५५ मध्ये सुगंधी द्रव्यांची एक प्रसिद्ध यादी छापली. द्रव्याचा वास किती काळ ओळखू येतो ते पाहून त्याने प्रत्येकाला १ ते १०० यांमधला एक आकडा दिला. १४ पर्यंतची द्रव्ये वरच्या थरातली, ६० पर्यंतची मधली, त्यापुढची तळाची. पचौली आणि ओकमॉस थेट १०० वर. या यादीने पुढच्या पिढ्यांच्या अत्तरकारांना फार मोठा आधार दिला. पण एक गोष्ट विसरता कामा नये : पाउचरने हे सगळे वास कागदी पट्ट्यांवर घेतले होते. कागद थंड असतो, कोरडा असतो, त्याला घाम येत नाही, तो एसीतून उन्हात जात नाही. मॉलमध्ये नाकाशी धरून हलवली जाते ती पट्टी त्याच कागदाच्या जातीची. तिच्यावरचा वास खराच असतो, फक्त तो कागदावरचा असतो.

आता हाच सुगंध मनगटावर घ्या. सकाळी साडेसातला अंघोळ करून बाहेर पडताना दोन फवारे मारले. सुरुवातीला नाकात शिरतो तो भपकारा अल्कोहोलचा; ते मिनिटाभरात उडते आणि जाताना हलक्या रेणूंना सोबत ओढून नेते. हायवे ११४ वरून लास कोलिनासच्या ऑफिसला पोहोचेपर्यंत संत्रे-लिंबू गेलेले असते. मग ऑफिसचा थंड दिवस. हातांची त्वचा एसीत गार पडते, तीस अंशांच्या आसपास येते. तळाची जड द्रव्ये या थंडीत जवळजवळ गप्प बसतात. दुपारी तीनला माणूस मनगट नाकाशी नेतो, त्याला काहीच लागत नाही, ‘उडाला’ असे म्हणून तो ड्रॉवरमधली छोटी बाटली काढतो आणि पुन्हा फवारतो. पाच वाजता तो पार्किंगमध्ये येतो. उन्हात दिवसभर उभ्या असलेल्या गाडीच्या आत ५० अंशांच्या वर तापलेले असते. दार उघडून आत बसल्यावर काही मिनिटांतच त्वचा छत्तीस अंशांकडे सरकते. तापमान दहा अंशांनी चढले की अशा द्रव्यांचा बाष्पदाब साधारण दुप्पट होतो. सहा अंशांच्या फरकाने तो जवळपास दीडपट व्हायला हरकत नाही. सकाळचा गप्प बसलेला व्हॅनिला, दुपारचा ताजा फवारा आणि नुकताच फुटलेला घाम, असे तिन्ही एकदम वर येतात. बंद गाडीत शेजारी बसलेला माणूस काच खाली करतो. ‘हा परफ्यूम माझ्या अंगावर संध्याकाळी उग्र होतो,’ ही तक्रार इथून जन्माला येते. अंगाने त्यात काही बिघडवलेले नसते. जे सकाळपासून मनगटावर होते त्याला उडायला पुरेशी ऊब संध्याकाळी पाचला मिळाली, एवढेच घडलेले असते.

उबेनंतर तेल. आपल्या त्वचेवर सूक्ष्म तैलग्रंथींतून पाझरणाऱ्या तेलाचा पातळ थर पसरलेला असतो. कपाळ आणि नाकाभोवती या ग्रंथी दाट, हाताच्या आतल्या बाजूला विरळ. सुगंधी रेणूंना बहुतेक वेळा पाण्यापेक्षा तेल जवळचे वाटते. तेलात ते विरघळून बसतात आणि सावकाश सुटतात. कोरड्या त्वचेवरून तेच रेणू काही पाय रोवायला न मिळाल्यासारखे निघून जातात. वय वाढते तसे त्वचेचे तेल कमी होते, बायकांमध्ये पाळी थांबल्यानंतर विशेष. वीस वर्षे एकच परफ्यूम वापरणाऱ्या बाईला तो पन्नाशीनंतर ‘टिकत नाही’ असे वाटू लागते, आणि कंपनीने माल बदलला असा संशय ती घेते. कधी कंपनीने बदललेला असतोही. पण बदललेली त्वचा हे अधिक साधे कारण आधी पडताळावे. अर्विंगच्या हिवाळ्यात हीटर लागला की घरातली हवा इतकी कोरडी होते की पंचविशीतल्या मुलाचीही त्वचा तडतडते. मग त्याचा सुगंध दुपारपर्यंत पोचत नाही.

आपल्या नरक चतुर्दशीच्या अभ्यंगाकडे या दृष्टीने पाहावे असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. आधी कोमट तेल अंगाला चोळायचे, मग उटणे, मग गरम पाणी आणि शेवटी अत्तर. यात धार्मिक अंग आहेच, पण क्रम अगदी शास्त्रशुद्ध लागला आहे. उटणे तेलाचा वरचा ओशटपणा काढते, तरी त्वचेत मुरलेला भाग राहतो. गरम पाण्याने ऊब येते. अशा उबदार, स्निग्ध त्वचेवर अत्तराचे बोट फिरले की ते दिवसभर बसते. उटण्याची पुडी उघडून तिच्यात काय काय आहे ते वेगळे करून पाहावे. संत्र्याची वाळलेली साल, गुलाबाच्या पाकळ्या, आंबेहळद, कचोरा, वाळा, नागरमोथा. वर हलके, मध्ये फुलांचे, खाली मातकट आणि जड. नागरमोथा आणि वाळा ही जगभरच्या अत्तरकारांची तळाची द्रव्ये आहेत. ती स्वतः टिकतात आणि इतरांना धरून ठेवतात. पाउचरच्या यादीची पायरी न् पायरी त्या पुडीत आहे, फक्त तिला कोणी आकडे दिले नव्हते. मॅकआर्थर बुलेव्हार्डच्या भारतीय किराणा दुकानांत दिवाळीच्या आधी उटणे दिसते तेव्हा ते केवळ आठवणीखातर घेतले जाऊ नये. कोरड्या हवेच्या गावात ते उपयोगाचे आहे.

अत्तराचेही तसेच. कन्नौजच्या पारंपरिक पद्धतीत तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी तापवतात, वाफ बांबूच्या नळीतून ‘भपका’ नावाच्या भांड्यात उतरते आणि भपक्यात आधीच असलेल्या चंदनाच्या तेलात फुलांचा गंध मुरतो. त्यात अल्कोहोल नसते, म्हणून सुरुवातीचा भपकारा नसतो. आणि पाया चंदनाचा असल्यामुळे फुलाचा हलका गंधही घाईने सुटत नाही. मोठ्या हॉलमध्ये अत्तर पलीकडच्या रांगेपर्यंत जात नाही, शेजारच्या खुर्चीपर्यंत जाते. चंदन महाग झाल्यापासून बाजारातली अनेक अत्तरे पॅराफिनसारख्या स्वस्त पायावर बनतात, आणि तिथे हा गुण उरत नाही. स्वस्त मोगरा तासाभरात तेलकट डाग होऊन राहतो त्याचे कारण बहुधा हे. आणि कानातला फाया! काडीभर कापसाला अत्तर लावून तो कानाच्या वरच्या वळीत ठेवायचा. कापूस थेंब शोषून धरतो, कानामागची ऊब त्याला हळूहळू सोडायला लावते आणि त्वचेवरच्या घामाशी त्याचा फारसा संबंध येत नाही. त्वचेची ऊब घ्यायची पण त्वचेची गडबड टाळायची, ही युक्ती ज्या कुणी पहिल्यांदा काढली त्याला सुगंध कसा उलगडतो याची पक्की जाण होती.

ही जाण आपल्याकडे लेखी स्वरूपातही होती. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र प्रकरण आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ हे ग्रंथ हस्तलिखितांतून शोधून अभ्यासकांपुढे ठेवले. त्यांतल्या गंधवादावर चक्क जुन्या मराठीत टीका आहे. मराठीत सुगंधशास्त्र लिहिले जात होते ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? गंधसारात सुगंध बनवायच्या क्रिया सांगितल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन. यांतला बोध म्हणजे गंध जागा करणे. निजलेल्या गंधाला जागे करावे लागते ही कल्पना ज्यांच्याकडे होती त्यांना बाटलीतला वास आणि अंगावरचा वास यांतला फरक कुणी समजावून सांगायला नको होता. चरकसंहितेतली ऋतुचर्या हेमंतात अगरूचा लेप सांगते आणि ग्रीष्मात चंदनाचा. अत्तराच्या पेठेतही हिना-शमामा थंडीत, वाळा-गुलाब-मोगरा उन्हाळ्यात ही रीत अजून चालते. अर्विंगमध्ये बाराही महिने एकच बाटली वापरणारा माणूस निम्मे वर्ष चुकीच्या ऋतूत असतो.

आता चौथे कारण, आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षिलेले : नाक. २००६ साली बाजारात आलेल्या मॉलिक्यूल ०१ या परफ्यूमची गोष्ट इथे फार बोलकी आहे. त्यात सुगंधी द्रव्य एकच, आयसो ई सुपर. द्रव्य एकच असल्यावर वर, मधे, तळ असा उलगडा व्हायला जागाच नाही. तरी हा परफ्यूम ‘प्रत्येकावर वेगळा लागतो’ म्हणूनच गाजला. कुणाला त्यात देवदार लाकूड लागते, कुणाला मखमली काहीतरी, आणि बऱ्याच जणांना काहीच लागत नाही. मग अर्ध्या तासाने अचानक लागते. द्रव्य बदललेले नाही. घेणारे नाक बदलले आहे. याला अनुवंशाचा आधार आहे. घामातल्या अँड्रोस्टेनोन या द्रव्याचा वास कुणाला लघवीसारखा, कुणाला गोडसर व्हॅनिलासारखा आणि कुणाला अजिबात येत नाही. २००७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या संशोधनाने हा फरक ओआर७डी४ नावाच्या एका गंधग्राही जनुकाशी जोडून दाखवला. व्हायोलेटच्या फुलांतल्या बीटा-आयोनोनचेही असेच : काहींना फुले, काहींना आंबूसपणा. कृत्रिम कस्तुरीतल्या गॅलॅक्सोलाइडला तर अनेकांची नाके जवळजवळ आंधळी असतात. नवरा-बायको एकाच मनगटाचा वास घेऊन भांडतात तेव्हा दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता पुष्कळ.

शिवाय नाक थकते. सतत येणारा वास काही मिनिटांत जाणिवेतून निघून जातो. आपल्या घरातली फोडणी आपल्याला लागत नाही, पाहुण्याला दारातच लागते. डॅलस-फोर्टवर्थच्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीसारख्या कार्यक्रमात शेकडो माणसे एका हॉलमध्ये असतात. तिथे स्वतःचा सुगंध ‘गेला’ म्हणून पुन्हा लावणारा बहुतेक वेळा फसलेला असतो. टेक्सासमध्ये यावर आणखी एक थर आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी इथे ‘सीडर फीव्हर’चा त्रास होतो : अ‍ॅश जुनिपर या झाडाचे पराग वाऱ्यावर येतात, नाके चोंदतात, डोळे चुरचुरतात. चोंदलेल्या नाकाचा माणूस दुप्पट फवारतो. आणि गंमत अशी की याच झाडाच्या गाभ्यातून काढलेले ‘टेक्सास सीडरवुड’ तेल जगभरच्या परफ्यूममध्ये तळाला असते. ज्या झाडाने नाक बंद केले त्याचेच लाकूड त्या क्षणी मनगटावर दरवळत असते, आणि ते कळायला नाक उरलेले नसते.

या सगळ्यावर आक्षेप येतात आणि ते हलक्यात घेण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप त्वचेच्या सामूचा. प्रत्येकाची आम्लता वेगळी, म्हणून वास वेगळा, असे विक्रेते सर्रास सांगतात. निरोगी त्वचेचा सामू साधारण साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान असतो, आणि अत्तरातले बहुतेक रेणू एवढ्याशा फरकाने काही तासांत रूप पालटत नाहीत. त्वचेतली विकरे काही एस्टरांचे तुकडे करू शकतात हे खरे. तो परिणाम उबेच्या आणि तेलाच्या तुलनेत लहान आहे. मनगटे एकमेकांवर घासल्याने ‘रेणू तुटतात’ हेही तसेच. घासल्याने थोडी ऊब येते, वरचा थर जरा लवकर उडतो, तुटत काही नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. २०१२ मध्ये प्रागच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांच्या काखेतल्या वासात एकदा त्यांनी स्वतः निवडलेला परफ्यूम मिसळला आणि एकदा संशोधकांनी दिलेला. नुसते परफ्यूम तपासले तेव्हा दोन्ही सारखेच बरे वाटत होते. पण अंगाच्या वासात मिसळल्यावर स्वतः निवडलेले मिश्रण परीक्षकांना अधिक आवडले. म्हणजे शरीर आणि सुगंध यांच्यात काही खास जुळणी होते, हे मान्यच करायला हवे. पण प्रयोग काखेतला आहे. तिथे घर्मग्रंथी आणि जिवाणू यांची रेलचेल असते आणि शरीराचा वास स्वतःच ठळक असतो. मनगटावर, गळ्यापाशी, कानामागे तो इतका क्षीण असतो की परफ्यूमच्या चालीपुढे त्याचा आवाज दबतो. आहाराचेही एक उदाहरण आपल्या घरातलेच आहे. मेथीतले सोटोलोन हे द्रव्य शरीरातून न बदलता घामात आणि लघवीत उतरते, आणि त्याला करपलेल्या साखरेसारखा, मेपलच्या पाकासारखा वास असतो. थंडीत रोज मेथीचा लाडू खाणाऱ्याच्या अंगावर व्हॅनिलाचा परफ्यूम जरा अधिक गोड लागला तर त्याचे श्रेय लाडवाला द्यायला माझी ना नाही. इथे ‘अंगाचे रसायन’ खरोखरच बोलते. पण ते गूढ नाही. डब्यात ठेवलेले आहे.

तिसरा आक्षेप नैसर्गिक-कृत्रिमतेचा : नैसर्गिक अत्तर टिकते, कृत्रिम परफ्यूम उडतो. टिकणे हे रेणूच्या जडपणावर आणि बाष्पदाबावर ठरते, त्याच्या जन्मस्थळावर नाही. संपूर्ण नैसर्गिक लिंबाचे तेल अर्ध्या तासात जाते आणि कृत्रिम कस्तुरी धुतलेल्या टॉवेलमध्येही राहते. चंदनाच्या अत्तराचे मोठेपण नैसर्गिक असण्यात शोधण्यापेक्षा सँटालोलच्या संथपणात शोधावे, म्हणजे ते मोठेपण अधिक नीट कळते.

आणि चौथा आक्षेप नैतिक आहे : ऑफिसात, वर्गात, दवाखान्यात सुगंध लावूच नये. दमा आणि अर्धशिशी असलेल्यांना त्याचा खरोखर त्रास होतो. २०१० मध्ये डेट्रॉइट शहराने एका कर्मचाऱ्याच्या अशा तक्रारीवरून एक लाख डॉलरची तडजोड केली आणि कर्मचाऱ्यांना सुगंधी द्रव्ये टाळायला सांगितले. या आक्षेपासमोर वाद घालू नये. पण त्याचे उत्तर ‘किती दूर जातो’ या प्रश्नात थोडे दडलेले आहे. पाच फवारे मीटिंग रूम भरतात; तेलातले अत्तर कानामागे बोटभर लावले तर ते हाताच्या अंतरापलीकडे क्वचित जाते. सोसत नसलेल्यासमोर तेही नको. बाकीच्यांसाठी एवढे अंतर पुरेसे असते.

अमेरिकेत बाटलीवर बहुधा ‘फ्रॅग्रन्स’ एवढाच शब्द असतो. कोणत्या द्रव्यांनी ॲलर्जी होऊ शकते ते छापायला लावणाऱ्या नियमाची तरतूद २०२२ च्या शेवटी झालेल्या कायद्यात आहे. लेबल वाचून तळाचा अंदाज लागत नाही. तेव्हा निवड करायची तर ती अर्विंगच्याच एका पूर्ण दिवसात करावी. एका हातावर एक, दुसऱ्यावर दुसरा, सकाळी एकेकच फवारा. पट्टीवरचे मत लक्षात ठेवून त्याला महत्त्व न देता ऑफिसला जावे. दुपारी एसीत एकदा वास घ्यावा, थोडा वेळ बाहेरच्या मोकळ्या हवेत नाक मोकळे करावे, आणि पाच वाजता गाडी तापलेली असताना पुन्हा. तिथे जो आवडेल तो घ्यावा. आणि घरी आल्यावर सकाळच्या शर्टाच्या बाहीचाही वास घ्यावा. कापड अंगासारखे तापत नाही, त्याला घाम स्वतःचा नसतो, तळाची द्रव्ये त्यात आठवडा-आठवडा राहतात. लग्नात हिना लागलेला शालू दोन दिवाळ्यांनंतर कपाटातून काढला तरी त्याच्या घडीत तो वास सापडतो, पहिल्या तासाचा गुलाब मात्र त्यात नसतो.